अंदमानला बदली मागावी का? (सातारा ते पोर्ट ब्लेअर, तीन वर्षांसाठी)

कृष्णाकाठची | १७ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात आठ दिवस एकाच विषयावर बोलणं चाललंय आणि ते कुठंच पोचत नाहीये.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याच्या ऑफिसात अंदमानसाठी इच्छुकांची नावं मागवलीत. पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबरपासून कागदोपत्री श्री विजयपुरम. मुदत तीन वर्षं. नाव द्यायचं तर १५ डिसेंबरच्या आत. त्याला जायचंय, अगदी मनापासून. मला भीती वाटतेय, पण नेमकी कशाची ते धड सांगताही येत नाही.

घरात चौघं. आम्ही दोघं, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. त्या ७२ वर्षांच्या, मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. मी घरून जीएसटीचं काम करते, साताऱ्यातले पंचवीसेक दुकानदार आहेत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला नेट गेलं तर माझं कामच गेलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काळ्या पाण्यावर?" आणि देवघरात निघून गेल्या. त्यांच्या माहेरी माजघरात सावरकरांची तसबीर होती. अंदमान म्हणजे कोलू आणि खोडाबेडी, तिथं माणसं आपणहून राहायला जातात हे त्यांच्या मनाला पटत नाही.

फिरून आलेल्यांचे फोटो खूप पाहिले. मला राहिलेल्यांचं ऐकायचंय. पाणी, दवाखाना, शाळा, नेट, सामान कसं न्यायचं. आणि न जाण्याची कारणं असतील तर ती आधी सांगा.

वासोटा | १७ नोव्हेंबर २०२४

जा. तीन वर्षं बघता बघता जातात. मुलीला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळेल. आम्हाला अशी संधी आली होती तेव्हा आम्ही "नंतर बघू" म्हणालो, ती परत आली नाही.

मिनीबे | १८ नोव्हेंबर २०२४

आम्ही २०१४ ते २०१७ पोर्ट ब्लेअरच्या मिनी बे भागात होतो. नवरा नौदलात, त्यामुळे क्वार्टर तयार आणि नौदलाचं इस्पितळ जवळ. माझा अनुभव तुमच्यापेक्षा सोपा होता, हे धरून वाचा.

पहिली गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, थेट म्यानमारच्या खाली, पण घड्याळ आपलंच. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो. जूनमध्ये पहाटे पाचला उजाडलेलं असतं. पहिले दोन महिने मी संध्याकाळी साडेपाचला दिवा लावून बसायचे, रात्रीचे नऊ वाजल्यासारखं वाटायचं आणि उगाच रडू यायचं. मग आम्ही अख्खा दिवसच अलीकडे ओढला. चारला उठायचं, पाचला समुद्रावर चक्कर, मुलाचा अभ्यास सकाळीच, रात्री साडेआठला झोप. ज्या बायकांनी हे केलं त्या रुळल्या. ज्या आपल्याकडच्या वेळेनं जगायला गेल्या त्या वर्षभर कुढत राहिल्या. दोन्ही मी जवळून पाहिल्यात.

दुसरं पाणी. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात सुरू होतो तो नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. तरीसुद्धा फेब्रुवारी ते एप्रिल पाण्याची ओढ असते, कारण पडलेलं पाणी डोंगरउतारावरून सरळ समुद्रात जातं. शहराची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी यायचं, तेही अर्धा-पाऊण तास. घर बघायला जाल तेव्हा नवरा खिडकीतून समुद्र दिसतो का बघेल. तुम्ही गच्चीवर चढून टाक्या बघा आणि शेजारणीला विचारा, मार्चमध्ये पाणी कितीव्या दिवशी येतं.

तिसरं खारं वारं. गॅसच्या शेगडीचे पाय, कपाटाच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, सगळ्याला गंज. पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर आठ दिवसांत हिरवी बुरशी येते. माझ्या लग्नातली पैठणी मी हौसेनं नेली होती. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला घडी उलगडली तर पदराच्या जरीवर काळे ठिपके, मोरांच्या अगदी मानेवर. ते काही केल्या गेले नाहीत. जरीचं काही नेऊ नका, माहेरी ठेवून जा.

भाजीपाल्यापैकी बरंच जहाजानं येतं. वादळाचा इशारा लागला, जहाज लांबलं की टोमॅटो बाजारातून दिसेनासा होतो. स्थानिक भेंडी, वांगी, चवळी मिळते, आणि पोई मिळते, म्हणजे आपला मायाळू. मासे खाणारे असाल तर चिंताच नको. ज्वारी-बाजरीचं पीठ मात्र घरूनच न्यावं लागेल.

एवढं सगळं असूनही मला कुणी उद्या विचारलं तर मी जाईन.

पडौक | १८ नोव्हेंबर २०२४

मी इथलाच. वडील १९७० च्या दशकात बांधकामाच्या कामावर आले ते इथलेच झाले. माझा जन्म हॅडोचा. घरात मराठी, गल्लीत हिंदी. आमच्या एका रांगेत बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि रांचीकडची घरं आहेत. सगळे एकमेकांशी हिंदीच बोलतात आणि कुणाची हिंदी कुणी तपासत नाही. तुमची मुलगी महिन्याभरात बोलायला लागेल.

सगळ्या बेटांची मिळून वस्ती २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८० हजार होती. गाव लहान आहे. नवं माणूस आठवड्याभरात ओळखीचं होतं. ज्यांना हे आवडतं त्यांना फार आवडतं.

आजींना माझा नमस्कार सांगा. काळं पाणी ही काही दंतकथा नाही, सावरकर १९११ ते १९२१ इथंच होते. पण त्यांना एक गोष्ट सांगा. सेल्युलर जेलला सात पाखी होत्या, आज तीन उभ्या आहेत. पाडलेल्या पाखींच्या जागेत १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत इस्पितळ आहे. माझी दोन्ही मुलं तिथंच जन्मली. माणसं खंगवायला जी जागा बांधली होती, तिथंच आज अख्खं बेट औषधाला जातं. लहानपणी याचं काही वाटायचं नाही. आता त्या फाटकातून आत जाताना दरवेळी वाटतं.

राहायला डेलानीपूर, गोलघर, शादीपूर बघा, बाजार आणि इस्पितळ दोन्ही जवळ. गाराचर्मा, बाथू बस्ती थोडं लांब, पण भाडं कमी. आणि विनंती एकच. सुट्टीवर आलेल्यासारखं राहू नका. वर बारातांग बेटाला जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्यानं सोडतात. पाहुणे आले की "जारवा दाखवा" म्हणतात. ती माणसं आहेत. त्यांचा फोटो काढणं, गाडी थांबवणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे, १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा.

फाईलवाला | १९ नोव्हेंबर २०२४

पैशांचं सांगतो. बदली-अनुदान एरवी मूळ पगाराच्या ८० टक्के मिळतं, अंदमान-लक्षद्वीपला १००. वर बेटांसाठीचा विशेष भत्ता आहे, पोर्ट ब्लेअर भागात मूळ पगाराच्या १० टक्के, दूरच्या अवघड बेटांवर २० पर्यंत. पण भत्त्याकडे बघून जाऊ नका. वर्षातून एकदा चौघांनी सातारला यायचं म्हटलं की तो तिकिटांत जातो. क्वार्टरसाठी अर्ज रुजू व्हायच्या दिवशीच द्या, यादीत नाव जितकं आधी तितकं बरं.

खारा_वारा | १९ नोव्हेंबर २०२४

ताई, तुम्ही न जाण्याची कारणं विचारलीत म्हणून लिहितो. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

२०१९ सालचा फेब्रुवारी. मी तिथं एका केंद्रीय संस्थेत होतो, दुसरं वर्ष चालू होतं. वडील बार्शीला. मंगळवारी दुपारी एक चाळीसला भावाचा फोन आला, नाना गेले. मी जेवणाचा डबा उघडलेला होता. त्या दिवसाची विमानं निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा नाही, दुपारच्यात एक मिळाली. चेन्नईला उतरून रात्रीचं पुण्याचं विमान, तिथून गाडी. बार्शीला पोचलो तेव्हा गुरुवारची पहाट, चार वाजायला आले होते. अडतीस तास.

भावानं बुधवारी दुपारपर्यंत वाट बघितली. पुढं थांबणं शक्य नव्हतं, घरातले सगळे म्हणाले उरकून घ्या. मी पोचलो तो सावडायला. आई दारात उभी होती. म्हणाली, "काही हरकत नाही रे, समुद्र होता मध्ये." तिचं ते वाक्य मी अजून बाजूला ठेवू शकलेलो नाही.

मी नोकरी सोडून आलो नाही. आणखी दोन वर्षं राहिलो, चांगला राहिलो. पण जायच्या आधी एक काम केलं नव्हतं, ते तुम्ही करा. घरात बसून मोठ्यानं बोला. मागं कुणाला काही झालं तर पहिला कोण पोचणार. आम्ही पोचलो नाही तर अग्नी कोण देणार. थांबायचं किती आणि कुठून पुढं थांबायचं नाही. हे शब्द तोंडातून निघत नाहीत, मला ठाऊक आहे. आमच्याकडे निघाले नाहीत, आणि ऐन वेळी सगळा भार एकट्या धाकट्या भावावर पडला. तो तेव्हा २६ वर्षांचा होता.

आणि एक वेगळं खातं काढा. ऐन वेळच्या दोन तिकिटांचे पैसे त्यात टाका आणि ते खातं विसरून जा.

मिनीबे | १९ नोव्हेंबर २०२४

खारा_वारा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

कृष्णाकाठची | २१ नोव्हेंबर २०२४

दोन दिवस उत्तर दिलं नाही. खारा_वारा यांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून गच्चीवर गेला. तेव्हा मला कळलं की माझी भीती पाण्याची नाही, नेटचीही नाही. आम्ही दोघंही सासूबाईंचं नाव न घेता त्यांच्याबद्दलच बोलत होतो.

त्यांना बरोबर न्यायचं की इथं ठेवायचं? नणंद कराडला आहे, पण तिच्या घरी दोन खोल्या आणि तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. चुलतपुतण्या इथंच शाहूपुरीत राहतो, रोज येऊन बघून जाईल इतका जवळचा आहे.

हळदीकुंकू | २१ नोव्हेंबर २०२४

एकटं ठेवू नका. माझं स्पष्ट मत. अँजिओप्लास्टी झालेलं माणूस पुतण्याच्या भरवशावर ठेवून समुद्रापलीकडे जायचं म्हणजे तिथं तुम्हाला घास गोड लागणार नाही. न्या, नाहीतर जाऊ नका.

वासोटा | २१ नोव्हेंबर २०२४

आणि नेऊन तिथं काही झालं तर? सातारहून पुण्याला दोन-अडीच तासांत गाडीनं नेता येतं. तिथून चेन्नई म्हणजे विमान. उलट इथंच त्या जास्त सुरक्षित आहेत.

शिंपला | २२ नोव्हेंबर २०२४

मी तिथं वर्षभर डॉक्टर म्हणून काम केलंय. दोघांचंही अर्धं खरं आहे.

साखर, रक्तदाब, ताप, हाड मोडणं, बाळंतपण, छोट्यामोठ्या शस्त्रक्रिया, हे सगळं तिथं होतं. २०१५ पासून पोर्ट ब्लेअरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यानं खूप फरक पडला. पण हृदयाचं गुंतागुंतीचं काही निघालं की रुग्णाला चेन्नईला पाठवायची वेळ येते. शिवाय विशेषज्ञ बाहेरून येतात आणि बदलून जातात. म्हणून इस्पितळ आहे का एवढं विचारून भागत नाही, आत्ता या महिन्यात हृदयरोगाचे डॉक्टर कोण आहेत आणि कधीपर्यंत आहेत ते विचारायचं.

नेणार असाल तर जायच्या आधी ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्यांच्याकडूनच पूर्ण तपासणी करून घ्या. "बेटावर राहायला नेतोय" हे शब्द वापरून विचारा. प्रवासाला हरकत नाही आणि राहायला हरकत नाही, ही दोन वेगळी उत्तरं असतात. फाईलच्या दोन प्रती, एक मागं एक बरोबर. तीन महिन्यांची औषधं हातातल्या पिशवीत, सामानात नाही.

मुलीसाठी एक. पावसाळ्यात तिथं लेप्टोस्पायरोसिस असतो. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू द्यायचं नाही. ताप दोन दिवसांपुढं गेला की घरच्या गोळीवर थांबायचं नाही, रक्त तपासायचं.

पानगळ | २२ नोव्हेंबर २०२४

मी ७४ वर्षांची आहे. मुलगा परदेशात. सगळे प्रतिसाद वाचले, सगळे काळजीनं लिहितायत. पण इथं जो तो "त्यांना न्यायचं", "त्यांना ठेवायचं" असं लिहितोय, जणू त्या कपाट आहेत. मुली, त्यांना समोर बसवून विचारलंस का? आणि विचारशील तेव्हा "आम्ही तुमच्यासाठी थांबतो" असं आधी बोलू नकोस. तसं बोललं की म्हातारं माणूस खरं सांगत नाही.

कृष्णाकाठची | १४ डिसेंबर २०२४

काल नाव दिलं.

पानगळ काकू, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आमचं बाजूला ठेवून." त्यांनी ताट खाली ठेवलं नाही, निवडता निवडताच म्हणाल्या, "मी घर सोडून तिथं कायमची यायची नाही. माझे डॉक्टर इथं, माझं देऊळ इथं. पण तुम्ही माझ्यापायी थांबलात तर मला तुमच्या तोंडाकडे बघून रोज ते दिसेल, ते मला नको." मग बराच वेळ खडे वेचत राहिल्या आणि म्हणाल्या, "मे महिन्यात येऊन बघून जाईन. ती जागा एकदा बघायचीय."

खारा_वारा दादांनी सांगितलेलं बोलणं नवऱ्याला जमेना. ते शेवटी त्यांनीच काढलं. "अग्नी पुतण्या देईल, मी त्याला सांगून ठेवलंय. तुम्ही धावत येऊ नका, नीट या." नवरा लहान मुलासारखा रडला. मीही.

ठरलं ते असं. नवरा फेब्रुवारीत एकटा जाईल, म्हणजे पाण्याचे वाईट महिने त्याला दिसतील आणि घर त्या हिशेबानं बघता येईल. मुलीची परीक्षा झाली की एप्रिलअखेर आम्ही दोघी. खालची खोली भाड्यानं न देता एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला राहायला देतोय, ती रात्री घरात असेल. वेगळं खातं काढलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामाला हरकत नाही म्हटलं, कायम राहण्याबद्दल नकारार्थी मान हलवली.

आता सामानाचं सांगा. काय न्यायचं, काय इथंच ठेवायचं? आणि गाडी?

पडौक | १५ डिसेंबर २०२४

अभिनंदन. गाडी विका. सातारहून चेन्नई, तिथून मालवाहू जहाज, आरटीओचं ना-हरकत पत्र, परत इथं नोंदणी, एवढं करून खारं वारं तिला खाणारच. इथं जुनी स्कूटर घ्या. रस्ते चढउताराचे आहेत, गिअर नसलेली पण दमदार बघा.

माणसांनी जहाजानं यायचा विचार असेल तर चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं आहेत, तीन-चार दिवस लागतात. हौस म्हणून एकदा करा, पण बिऱ्हाड घेऊन पहिल्यांदा येताना नको. विमानानं चेन्नईहून दोन-सव्वादोन तास.

मिनीबे | १५ डिसेंबर २०२४

लाकडी फर्निचर, सोफा, मोठं कपाट काहीही नेऊ नका. पलंग, टेबल तिथं बदलून जाणाऱ्या लोकांकडून मिळतं, दर महिन्याला कुणीतरी निघालेलंच असतं. न्यायचं ते असं: प्रेशर कुकर आणि त्याच्या जादा रिंगा, मिक्सर, हवाबंद झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे भरपूर, सुती कपडे, दोन चांगल्या छत्र्या, प्रत्येकाला रबरी चपला, इन्व्हर्टर. वीज मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर आहे, जाते अधूनमधून. पुस्तकं कमी न्या, पानं सादळतात. मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ थोडं थोडं न्या, वर्षाचं एकदम नको. माझा अख्खा गोडा मसाला जुलैत सादळून गोळा झाला होता. आता करेन तर किलोऐवजी पाव किलोच्या पुड्या, आणि फ्रीजमध्ये.

फाईलवाला | १६ डिसेंबर २०२४

केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं. बदलीच्या आदेशाची प्रत, रुजू झाल्याचा दाखला, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, तिन्ही तयार ठेवा. नेटबद्दल: ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. त्याआधी सगळं उपग्रहावर होतं, ईमेल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. आता जीएसटीला अडचण नाही, पण घरात दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं ठेवा.

कृष्णाकाठची | २२ जून २०२५, पोर्ट ब्लेअर

धागा अर्धा सोडून गेले होते, माफ करा. इथं येऊन आठ आठवडे झाले.

घर डेलानीपूरला, पहिला मजला, समुद्र दिसत नाही. हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत. नवऱ्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये सात घरं बघितली आणि मिनीबे ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांना विचारलं. त्यातल्या एका सुंदर घरी, खिडकीतून बंदर दिसणाऱ्या, पाणी चौथ्या दिवशी येत होतं. आम्ही आलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. एक दिवसाआड पहाटे सव्वाचारला नळाला पाणी. मी दोन निळे पिंप भरून ठेवायचे आणि वरून स्वच्छ धोतराचं फडकं बांधायचे, सासूबाईंनी दिलेलं. मे महिन्यात पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री गल्लीतल्या सगळ्या बायका पिंप, बादल्या, पातेली घेऊन पागोळ्यांखाली उभ्या होत्या. मी पण. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, सगळ्या ओल्याचिंब. त्या रात्रीपासून माझी इथं ओळख झाली.

सामानाचा अनुभव चांगला नाही. सामान नेणाऱ्यांनी पंधरा दिवस सांगितले होते, पाच आठवडे लागले. गाद्या ओल्या निघाल्या, एक टाकून द्यावी लागली. आधीचे पाच आठवडे चटयांवर काढले. पुढच्यांसाठी: विमा काढा, आणि खोके बंद करताना प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते.

नेटचं बरं आहे. १८ मे रोजी चार तास गेलं होतं, तेव्हापासून मी २० तारखेचं काम १७ ला संपवते. दुकानदारांना आता सवय झालीय, बिलं लवकर पाठवतात.

मुलगी पाचला उठते. साताऱ्यात तिला साडेसहाला उठवताना घर डोक्यावर घ्यायची. परवा शाळेतून आली आणि विचारलं, "आई, आपण मेनलँडचे ना?" तिच्या तोंडी तो शब्द ऐकून मला कसंसंच झालं. सातारा, कराड, कोयना, आजी, सगळं त्या एका शब्दात गेलं. मी तिला नकाशा काढून दाखवला आणि सातारा पेन्सिलीनं गोल केला.

सासूबाई ठरल्याप्रमाणे मे महिन्यात आल्या. नवरा जाऊन घेऊन आला. पहिले चार दिवस त्यांनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मग साखर तपासायची वेळ आली म्हणून मी त्यांना इस्पितळात नेलं. बाहेर आल्यावर त्यांनी समोर बोट करून विचारलं, "ती कसली भिंत?" मी सांगितलं. त्या बघत उभ्या राहिल्या. पाऊस भुरभुरत होता, मी छत्री धरली. त्यांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभं राहून हात जोडले, आणि मला म्हणाल्या, "औषध इथंच मिळतं ना? चल, रांग मोठी होईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला आत न्यायला सांगितलं. कोठडीपर्यंत पायऱ्या खूप आहेत, एकेका जिन्यावर थांबत गेल्या. वर काय बोलल्या ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मासे त्या खात नाहीत, पण मायाळूची पातळ भाजी त्यांनी शेजारच्या बंगाली बाईंना शिकवली. त्यांनी बदल्यात नारळ दिले.

आता त्यांचं परतीचं २९ जूनचं तिकीट आहे. नवऱ्याला रजा नाही, मला मुलीची शाळा. चेन्नईत विमान बदलायचंय. एकट्या जाईन म्हणतायत. पाठवू का?

मिनीबे | २२ जून २०२५

चाकाच्या खुर्चीची सोय आत्ताच तिकिटावर नोंदवून घ्या, आयत्या वेळी मागू नका. माणूस एका विमानातून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. मध्ये निदान तीन तासांचं अंतर ठेवा, पावसाळ्यात इथली विमानं उशिरा सुटतात. इन्सुलिन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये. गळ्यात एक कार्ड, त्यावर तुमचा, पुतण्याचा आणि डॉक्टरांचा नंबर.

खारा_वारा | २२ जून २०२५

चेन्नईत माझी बहीण असते, विमानतळापासून जवळ. तुम्हाला निरोप पाठवलाय, त्यात तिचा नंबर आहे. ती भेटायला येईल, डबाही आणेल. काळजी करू नका.

कृष्णाकाठची | २३ जून २०२५

दादा, बहिणीशी बोलणं झालं. खुर्चीची नोंद झाली, मधलं अंतर साडेतीन तास आहे. पुतण्या पुण्याला घ्यायला येतोय. सासूबाईंनी पिशवी भरायला घेतलीय. शेजारणीनं दिलेले दोन नारळ सगळ्यात खाली ठेवलेत, एक देवळात द्यायचाय म्हणतात, दुसरा पुतण्याच्या घरी.